बिलिंगचा रिपोर्ट

दार ताईंनीच लावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर अख्ख्या हॉस्पिटलात जो तो बोलत सुटला की निर्मला मगदूमचा हलगर्जीपणा. मी दाराला चांगली वीट लावून ठेवली होती. एसीवाल्यांनी आतला ब्लोअर उघडून ठेवलेला, वर्षाची धूळ खोलीभर उडवलेली, आणि "गॅसचा सिलिंडर घेऊन येतो" म्हणून दोघंही वर पसार झालेले. एसी बंद, मशीनं चालू. दार उघडं नसतं तर मी आत उभी राहूच शकले नसते. तेवढ्यात सिंधूताई जिना उतरून आल्या. बाहेरच्या फळीवर पर्स ठेवली, मोबाइल ठेवला, चपला काढल्या, आत आल्या आणि पायानेच वीट बाहेर ढकलली.

"अहो ताई, थांबा..."

"सर्व्हर रूमचं दार सताड उघडं? ही काय धर्मशाळा आहे?"

दार आपल्या वजनाने मागे आलं आणि चौकटीवरच्या लोहचुंबकाने ते खट्‌कन धरलं.

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातली ही गोष्ट. तळघरातल्या त्या खोलीला आम्ही गाभारा म्हणायचो. चपला, पर्स, मोबाइल सगळं बाहेर, असा नियम होता आणि तो सिंधूताई आरवाड्यांनीच घातलेला. हॉस्पिटलचा डेटाबेस त्यांनी उभा केला होता. पेशंटचं टेबल, तपासण्यांचं, औषधांचं, कर्मचाऱ्यांचं, एकातला नंबर दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, अशी सगळी वीण त्यांच्या हातची. मी आले ती नंतर, देखरेखीसाठी. आल्या आल्या आमच्या ऐनापुरे सरांनी अॅडमिनचा पासवर्ड ताईंकडून काढून माझ्याकडे दिला. ऑडिटवाल्यांनी म्हणे तसं सांगितलं होतं. घर ज्या बाईने बांधलं तिच्याच कमरेच्या किल्ल्या नव्या सुनेकडे दिल्यासारखं झालं. मी काही मागितल्या नव्हत्या. पण ताईंनी तो राग माझ्यावर काढला, आणि मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. आमचं रोज वाजायचं.

तरी एक कबूल करते, काम मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांचा एक पाठ होता, येता-जाता ऐकवायच्या. "डेटाबेसमध्ये बदल करायचा तर आधी करून बघायचं. मग नजरेखालून घालायचं. मगच कमिट करायचं. कमिट केलं की कायम झालं. तोवर रोलबॅक म्हणालीस तर काही झालंच नाही असं होतं." मी म्हणायची, "ताई, संसारात असतं तर किती बरं झालं असतं." त्या हसायच्या नाहीत.

त्या दिवसांत आमच्या विभागात एकच विषय होता. ट्रस्टने खर्च कापायला काढला होता आणि आमच्यातली एक जागा जाणार होती. कोणाची, ते कुणी बोलत नव्हतं, पण खात्यात आम्ही दोघीच होतो, त्यामुळे कोडं काही अवघड नव्हतं. माझ्या नवऱ्याची गिरणी बंद पडलेली आणि मुलगा शाळेत. ताईंच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, आमच्याच हॉस्पिटलात आठवड्यातून दोनदा डायलिसिस, कर्मचाऱ्याच्या घरचे म्हणून फुकट. ताईंची नोकरी गेली तर ती सवलतही जाणार. म्हणजे दोघींपैकी कुणीही गेलं तरी एक घर बसणार होतं.

दार लागल्यावर ताई रॅकला टेकून उभ्या राहिल्या. कामाचं काही बोलेनात.

"तुझा मुलगा कितवीत गं?" एकदम विचारलं.

"नववीत. का हो?"

"काही नाही. हुशार आहे का?"

"आईवर गेलाय."

तरी त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या, पण नजर भलतीकडेच. मला वाटलं, काकांची तब्येत बिघडली असेल. मी विषय सोडला. धूळ नाकात जात होती. मी म्हटलं, "चला बाहेर, एसी होईपर्यंत इथे उभं राहायला नको," आणि दाराशेजारच्या मशीनवर गळ्यातलं कार्ड टेकवलं.

दिवा पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. हिरवा नाही, लाल नाही.

पुन्हा टेकवलं. तेच. "ताई, तुमचं बघा बरं."

ताईंचंही तेच. पिवळा दिवा नुसता लुकलुकत होता.

आमच्याकडे आत जायला कार्ड आणि बाहेर यायलाही कार्ड लागायचं, कोण किती वेळ आत होतं ते साहेबांना कळावं म्हणून. भिंतीवर आणीबाणीची हिरवी डबी होती, काच फोडून बटण दाबायची. मी बुटाने... बूट कुठला, चपला तर बाहेर. कोपराने काच फोडली. बटण दाबलं. काही नाही. डबी ओढून बघितली तर ती भिंतीवर दोन स्क्रूंवर बसवलेली, मागे वायरच नाही.

"अगं बाई! नुसती शोभेला लावलीय की ही!"

"कंत्राटदाराचं बिल आलं तेव्हाच मी विचारलं होतं," ताई म्हणाल्या आणि खोकल्या.

आत एक इंटरकॉम होता. ऐनापुरे सरांना लावला. पलीकडे आधीच गोंधळ चालू होता.

"मगदूम मॅडम, तुम्हालाच शोधतोय! कुणाचंच लॉगिन होत नाहीये. लॅबवाले बोंबलताहेत, औषधाच्या काउंटरला रांग लागलीय. आधीपासून आत आहेत त्यांचंच चालू आहे. काय झालंय?"

"सर, आम्ही गाभाऱ्यात अडकलोय. दार उघडत नाही. ताईही आहेत."

"मग बरंच आहे की, तिथूनच बघा काय झालंय ते."

घ्या! याला म्हणतात साहेब.

पण त्यांच्या बोलण्यावरून मला अंदाज आला. लॉगिन आणि दार, दोन्हींमध्ये एकच गोष्ट समान होती, कर्मचाऱ्यांचं टेबल. कार्ड टेकवलं की दाराचं मशीन त्या टेबलाला विचारायला जायचं की बाबा, हा माणूस आपला आहे का? मी कितीदा सांगितलं होतं की दाराची व्यवस्था वेगळी ठेवा, तर साहेबांचं उत्तर, "कशाला दोन-दोन?" आता डेटाबेसची एक रीत असते. कुणी एखादी ओळ बदलायला घेतली की तो कमिट किंवा रोलबॅक म्हणेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. आमची आवृत्ती जुनी, तिची तऱ्हा अशी की एका ओळीपायी अख्खं टेबल अडून बसायचं. म्हणजे कुणीतरी त्या टेबलात काहीतरी बदलायला घेतलं होतं आणि अर्धवट सोडून दिलं होतं. त्याच्यामागे अख्खं हॉस्पिटल रांगेत, आणि रांगेच्या शेवटी आम्ही.

"ताई, कुणीतरी कर्मचाऱ्यांच्या टेबलावर बसलंय. कोण ते बघते आणि उठवते."

मी रॅकमधल्या कीबोर्डकडे वळले, तर ताईंनी माझं मनगट धरलं.

"कशाला? बिलिंगचा रिपोर्ट चालला असेल. संपेल आपोआप."

"आणि तोवर आपण इथे शिजायचं?"

"चालू काम मधेच तोडू नये. कुणाचं काय चाललं असेल माहीत नाही. थांब जरा."

हेही त्यांच्या पाठातलंच, म्हणून मी थांबले. तेवढ्यात माझ्या कानावर तो आवाज आला. ताईंच्या छातीतून येणारी बारीक शिट्टी.

"ताई, पंप कुठाय?"

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. पर्समध्ये. पर्स फळीवर, दारापासून हातभर अंतरावर, पण बाहेरच्या बाजूला. ताईंना दमा आहे हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. थंडीत, धुळीत त्यांचा पंप सारखा निघायचा. आणि इथे हवेत नुसती धूळ, वर मशीनांची धग. दाराखालून पंप सरकवावा म्हटलं तर गारवा बाहेर जाऊ नये म्हणून तिथे रबराची पट्टी ठोकलेली, कागद सरकला नसता.

मी दारावर मुठी आपटल्या. बाहेर नदाफ आला, आमचा इलेक्ट्रिशियन. तो बेंबीच्या देठापासून ओरडायचा तेव्हा आम्हाला जेमतेम ऐकू यायचं.

"नदाफ, ताईंना धाप लागलीय! दाराचं चुंबक बंद कर!"

"मॅडम, चुंबक आन् सर्व्हर एकाच यूपीएसवर हायती! चुंबक बंद करायचं तर सगळंच बंद हुतंय!"

"मग कर सगळं बंद!"

"सायबांनी हात लावू नको म्हटलंय!"

मी पुन्हा इंटरकॉम उचलला. सर म्हणाले, "मॅडम, वर ऑपरेशनं चालू आहेत. रक्तगट, रिपोर्ट, सगळं त्या सर्व्हरवरून येतं. असा धाडकन बंद केला आणि डेटा खराब झाला तर जबाबदार कोण? मी दार कापणारा माणूस बोलावलाय. थोडा दम धरायला सांगा त्यांना."

"दमच धरता येत नाहीये त्यांना!" मी फोन आपटला.

वरच्या प्रत्येक मजल्यावर ऑक्सिजनच्या नळ्या, डॉक्टर, नर्सेस, आणि खाली तळघरात ही बाई श्वासाला महाग. मला संताप आवरेना. ताई खाली बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर चढलेले. मी त्यांच्या ब्लाउजचं वरचं बटण सैल केलं, एका जुन्या मॅन्युअलच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागले. वाऱ्याने धूळच उडाली. तो पुठ्ठा टाकून दिला.

"ताई, आता मी बघतेच कोण बसलंय ते."

"निर्मला, थांब." दोन शब्दांना त्यांना दोन श्वास लागत होते. "नदाफला... बोलव."

त्या सरकत दारापाशी गेल्या आणि दाराला तोंड लावून बोलू लागल्या. आवाज निघेना, म्हणून त्या माझ्या कानात सांगायच्या आणि मी ओरडायची.

"पर्समध्ये माझ्या केबिनची किल्ली आहे. वर जा. माझा कॉम्प्युटर बंद कर. बटण दाबून बंद कर. पडद्याकडे... बघायचं काम नाही."

मी ओरडून सांगितलं आणि सांगता सांगताच माझ्या डोक्यात चमकलं. हॉस्पिटलात इतके कॉम्प्युटर, मग यांचाच का?

"ताई, टेबल तुम्ही अडवलंय?"

शिट्टीचा आवाज तेवढा येत राहिला.

"अहो, मग बिलिंगचा रिपोर्ट कसला? काय बदलायला घेतलं होतं?"

"काम होतं... एक."

"अर्धवट सोडून खाली आलात? तुम्ही? मला उठता-बसता शिकवणाऱ्या तुम्ही?"

"धरलं तर चावत होतं," त्या कशाबशा म्हणाल्या, "सोडलं तर पळत होतं."

मला काही कळलं नाही. विचारायला वेळही नव्हता. नदाफ परत आला आणि ओरडला, "केला बंद, मॅडम!" मी कार्ड टेकवलं. दिवा पिवळा. पुन्हा टेकवलं. पिवळा.

तेव्हा मला जे कळलं ते ताईंनाही त्याच क्षणी कळलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. कॉम्प्युटर नीट निरोप घेऊन बंद केला तर सर्व्हरला कळतं की माणूस गेला. असा बटण दाबून मारला तर सर्व्हरला पत्ताच लागत नाही. त्याला वाटतं समोरचा अजून बसलाय, विचार करतोय, आता सांगेल कमिट की रोलबॅक. तो बापडा वाट बघत बसतो, कधीकधी तासन् तास. आता ते सेशन, म्हणजे सर्व्हरशी उघडी राहिलेली ती बैठक, ताईंच्या हातातूनही गेलं होतं. ते आतून तोडायला अॅडमिनचा पासवर्ड लागायचा, म्हणजे एकच माणूस उरलं, मी.

मी स्टूल ओढलं आणि कीबोर्डपुढे बसले. ताईंनी खालून माझ्या साडीचा पदर धरला. त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

"वाचू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसतं तोड."

"ताई, कुठलं तोडायचं ते बघितल्याशिवाय तोडू कसं? वर ऑपरेशनं चाललीत. भलतंच तोडलं तर?"

त्यांनी पदर सोडला.

अॅडमिनचं लॉगिन कर्मचाऱ्यांच्या टेबलाला विचारायला जात नाही, म्हणून ते लगेच झालं, आणि कुणाला कुणी अडवलंय ते दाखवणारी यादी मी पडद्यावर आणली. रांगच रांग. लॅब, औषधं, दार, लॉगिन, सगळे एकामागे एक उभे, आणि सगळ्यांच्या पुढे एकटं एक सेशन. नाव ताईंचं. स्थिती झोपलेली. हातात एक उघडा व्यवहार, ना कमिट, ना रोलबॅक. त्याच्यासमोर त्यांनी दिलेली शेवटची आज्ञा.

कर्मचाऱ्यांच्या टेबलात अमुक नंबरचा कर्मचारी 'कार्यरत नाही' असा करावा.

तो नंबर माझ्या गळ्यातल्या कार्डावर छापलेला होता.

म्हणजे ठरलं होतं तर! साहेबांनी ताईंना विचारलं असणार, दोघींतली एक सांगा. आणि ताईंनी सांगितली. सांगितलीच नाही, स्वतःच्या हाताने नोंदवायला घेतली. आणि मग खाली येऊन मला विचारत होत्या, मुलगा कितवीत, हुशार आहे का! मला इतका संताप आला की डोळ्यांपुढचा पडदा हलायला लागला. वाटलं, वळावं आणि या बाईला विचारावं, का हो, माझं पोर दिसलं नाही तुम्हाला?

मागून शिट्टीचा आवाज थांबला होता. दम्याच्या माणसाचा आवाज थांबणं हे आवाज येण्यापेक्षा वाईट, हे हॉस्पिटलात काम करणाऱ्या झाडूवालीलाही माहीत असतं.

मी सेशन तोडलं. कीबोर्डच्या कळा मी अशा आपटल्या की एक उडून खाली पडली. रांग एका झटक्यात विरघळली. मी उठून दारावर कार्ड टेकवलं, दिवा हिरवा झाला आणि चुंबकाने दार सोडलं. बाहेर नदाफ ताईंची पर्स छातीशी धरून उभा होता.

"पंप काढ!" मी ओरडले. त्याने सरळ पर्स फरशीवर ओतली. किल्ल्या, रुमाल, काकांच्या गोळ्या, आणि त्यात तो निळा पंप. मी ताईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि पंप त्यांच्या तोंडात धरला. पहिला फवारा आत गेलाच नाही. दुसरा गेला. मग नदाफने आणि मी त्यांना उचलून वर नेलं, अनवाणीच.

कॅज्युअल्टीत त्यांना मास्क लावला. वाफेचा भरभर आवाज चालू होता. ऐनापुरे सर येऊन गेले. "बघा, मी म्हटलं होतं ना, बंद करायची गरज पडणार नाही," असं मला म्हणाले. त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता. पलीकडच्या इमारतीत काकांचं डायलिसिस चालू होतं, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी खाटेशेजारी बसून राहिले. भांडायचंच म्हणून बसले होते. काय काय बोलायचं ते सगळं मनात मांडून ठेवलं होतं. ताईंनी डोळे उघडले. मास्कमुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात किंचित उचलून, बोटं फिरवून विचारलं. काय होतं? वाचलंस?

त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती गाभाऱ्यात श्वास बंद होत असतानाही नव्हती. आणि माझी ती सगळी मांडून ठेवलेली भाषा कुठे गेली कोण जाणे.

"बिलिंगचा रिपोर्ट होता, ताई," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात तेच. तुमच्या नावावर चालू राहिला होता. तोडला मी."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

पुढचे काही दिवस मी रोज कामावर जाताना तयारीत असायची. आज कार्ड चालणार नाही, आज लाल दिवा लागेल. घरी काही बोलले नाही. मुलाची चाचणी परीक्षा होती, त्याच्या डब्यात मी रोज त्याच्या आवडीचं देत होते, जणू नंतर द्यायला मिळणार नव्हतं. दाराशी उभी राहून कार्ड टेकवायची. दिवा हिरवा व्हायचा. दिवसभर पुन्हा तेच. ज्या गाभाऱ्यातून मी एकदा सुटले त्यात मी रोज नव्याने अडकत होते, आणि या वेळी तोडायला समोर कुठलं सेशनही नव्हतं. आणीबाणीच्या त्या हिरव्या डबीला मात्र दुसऱ्याच दिवशी वायर जोडली गेली.

ताई रजेवर होत्या. परत आल्या त्या दिवशी दुपारी जेवणानंतर जिना उतरताना दिसल्या. मी गाभाऱ्याच्या दाराशीच होते. त्यांनी सवयीने पर्स फळीवर ठेवली, चपला काढल्या. मला म्हणाल्या, "थांब, तू नको उघडू." आणि स्वतःचं कार्ड टेकवलं.

दिवा लाल झाला.

पुन्हा टेकवलं. लाल.

"चालतंय," ताई म्हणाल्या. एखादं नवं काम करून झाल्यावर चाचणी घेताना म्हणायच्या तशाच.

"कार्ड खराब झालंय तुमचं. द्या, मी बघते."

"कार्ड चांगलं आहे. सकाळी मी नोंद केली. साहेबांना एक जागा कमी करून हवी होती, झाली कमी."

"ताई, हे काय केलंत हो? आणि काकांचं डायलिसिस?"

"सिव्हिलला नंबर लावलाय. पहाटे जावं लागेल. जाऊ."

"निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती तुमची! काही नाही, मी आत्ता उलटवते. पासवर्ड माझ्याकडे आहे. कुणाला कळायच्या आत..."

"हात लावून तर बघ!" त्यांनी जुन्या आवाजात दम दिला, आणि खोकला आला म्हणून थांबल्या. मग हळू म्हणाल्या, "माझं एक अर्धवट काम तू तोडलंस, ते बरं केलंस. हे पूर्ण केलेलं आहे. करून बघितलं, नजरेखालून घातलं, मग कमिट केलं."

"पण का? मी कुठे तुम्हाला काही... मी तर काही वाचलंसुद्धा नव्हतं. तो बिलिंगचा..."

"निर्मला," त्या म्हणाल्या, "बिलिंगचा रिपोर्ट कर्मचाऱ्यांच्या टेबलाला हातसुद्धा लावत नाही. मी लिहिलाय तो."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण फार वेळ धरूही दिला नाही. मग चपला घातल्या आणि पर्स उघडून एक नवा, खोक्यातलाच निळा पंप काढला.

"हा आत ठेव. त्या फोनशेजारी. पुढच्याला लागला तर."

"नियम आहे ना, आत काही न्यायचं नाही," मी नाक ओढत म्हटलं.

"नियम मीच केला होता. आता बदलला."

त्या जिना चढून गेल्या. मी कार्ड टेकवलं, दिवा हिरवा झाला, आणि मी आत गेले. मागे दार खट्‌कन लागलं.

पंप फोनशेजारी ठेवला. नंतर त्या खात्यात मी एकटीच राहिले, अजूनही आहे. माझा मुलगा शिकून पुण्याला गेला. काका तीन वर्षांनी गेले, तोवर दर शुक्रवारी पहाटे मी सिव्हिलला जाऊन ताईंबरोबर बाकावर बसायची. त्यांनी मला कधी ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. पंपावरची तारीख उलटली की मी नवा आणून ठेवते. नवी मुलं विचारतात, मॅडम, इथे दमा कुणाला आहे? मी म्हणते, कुणाला नाही, राहू दे तिथेच.